एक गोल जास्त

१

आधीच माफी मागतो. माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ माझं चुकतं आणि मोठे शब्द मला येत नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तू बोलतोस तसं लिही, सजवू नकोस." पण मी फारसा बोलतच नाही. घरी मला मुक्या म्हणतात, आणि आता ऑफिसातही तेच नाव पडलंय. तेव्हा जसं झालं तसं लिहितो.

डॉक्टरबाई औषधं देणाऱ्या डॉक्टर नाहीत. त्या साथींचा अभ्यास करतात. ताप एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, किती दिवसांत जातो, कुणाला धरतो आणि कुणाला सोडतो, हे त्या मोजतात. आमच्या भागात दोन महिने तो ताप होता. तीन दिवस अंग भाजायचं, चौथ्या दिवशी मान आखडायची. मग काही जण उठून बसायचे, काही जण नाही. ज्या घरात पहिला रुग्ण सापडायचा, त्या घरी दुसऱ्या दिवशी मला पाठवायचे.

माझं काम घराचं चित्र काढायचं. आधी मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. ऑफिसची पाटी रंगवताना बाईंनी माझा हात पाहिला आणि ठेवून घेतलं. खोली म्हणजे चौकोन, दार म्हणजे मोकळी जागा, खिडकी म्हणजे दोन रेघा आणि माणूस म्हणजे गोल. जो जिथे बसतो-झोपतो तिथे त्याचा गोल. आजारी असेल तर गोल भरायचा. मग गोलांना नंबर, आणि नंबरांपुढे नाव, वय, नातं. पुढे साठ प्रश्न.

बाईंचे नियम कडक होते. आधी काढायचं, नंतर विचारायचं. "माणसं खोटं बोलत नाहीत रे, विसरतात," त्या म्हणायच्या. "अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना विसरतात, भाडेकरूंना विसरतात. तुझा हात नाही विसरणार." खोडरबर वापरायचा नाही. उंबऱ्यावर उभं राहून काढायचं, आणि स्वतःला मोजायचं नाही.

घरी मी, माझी ताई आणि तिची सव्वा महिन्याची मुलगी. भावोजी जहाजावर असतात. ह्या तापाबद्दल मला एक गोष्ट माहीत होती, जी मी ताईला सांगितली नव्हती. बाईंच्या यादीत सहा तान्ही मुलं होती. सहाही नावांपुढे एकच खूण होती, फुली. त्यामुळे मी रोज गॅलरीतच कपडे बदलायचो, कोपरापर्यंत हात धुवायचो, आणि भाचीला घ्यायचोच नाही. ताईला वाटायचं मी तिला घाबरतो.

"अरे, चावत नाही ती. दात कुठे आहेत तिला?"

मी नुसता हसायचो.

२

पहिला जास्तीचा गोल शिंप्याच्या घरी निघाला.

एकच लांब खोली. पुढे शिलाई मशीन, मागे गाद्यांची चळत. शिंपी तापात खाटेवर. बायको भाजी निवडत होती, सासू भिंतीला टेकलेली, मुलगा पाटावर वही ठेवून गणितं सोडवत होता. मी उंबऱ्यावर उभा राहून काढलं. काढताना मी कागदाकडे बघत नाही. नजर खोलीवर, हात कागदावर, ही पाट्यांपासूनची सवय. चार मिनिटं लागली असतील.

मग विचारायला लागलो. "ह्या तुम्ही. ह्या सासूबाई."

"हो. मोठ्याने विचारा, कमी ऐकतात."

"हा मुलगा. हे खाटेवर दादा."

"झालं की. संपलो आम्ही."

माझी पेन्सिल पाचव्या गोलावर होती. कपाट आणि खाट यांच्यामध्ये हातभर जागा होती, तिथे. बाकीच्यांसारखाच गोल, नीट मिटलेला.

"आणि हे कोण?" मी कागद पुढे केला.

तिने कागद पाहिला, मग ती जागा पाहिली. "तिथे? तिथे कोण बसणार, भाऊ? आम्ही मोजून चौघं. पाचवे तुम्ही! स्वतःलाच मोजलंत!"

शिंपी तापातही हसला. "मापात चुकला हा. आमच्यात असा कारागीर दुसऱ्या दिवशी नसतो."

मीही हसलो. पण मी उंबऱ्यावर होतो आणि गोल भिंतीपाशी होता. घरभर कापडाच्या चिंध्या, दोरे, पिना पडलेल्या होत्या. त्या हातभर जागेत मात्र काही नव्हतं. झाडून घेतल्यासारखी मोकळी.

खोडता येत नव्हतं. नियमाप्रमाणे मी त्या गोलापुढे नव्याण्णव लिहिलं. फॉर्ममध्ये नव्याण्णव म्हणजे माहीत नाही.

३

फॉर्म कॉम्प्युटरात भरायचं काम टायपिस्ट काकूंचं. पन्नाशीच्या, तोंडात सदा लवंग.

"काय रे मुक्या, एवढे नव्याण्णव कुठून आणतोस? दोन आठवड्यांत अकरा! तुझ्याआधी एक मुलगी होती, तिचे वर्षात तीन होते."

"मोजताना चुकतं, काकू."

"चष्मा कर. नाहीतर लग्न कर. समोर एकच माणूस असलं तरी पुष्कळ होतं, मग जास्तीची दिसत नाहीत."

पुढे तो रोजचा विनोद झाला. मी परत आलो की त्या विचारायच्या, "भेटले का नव्याण्णवसाहेब? बरे आहेत ना? चहा घेतला का?" शिपाईसुद्धा हसायचा. मीही हसायचो.

मी स्वतःची परीक्षा घेतली. ऑफिस काढलं. काकू, बाई, शिपाई. तीन माणसं, तीन गोल. बसथांबा काढला, नऊला नऊ. केशकर्तनालय काढलं, बरोबर. चुकायचं ते फक्त तापाच्या घरांत. मी मनाला समजावलं. पाटी रंगवताना रिकामी जागा डोळ्यांना खुपते आणि हात आपोआप तिथे फूल काढतो, पान काढतो. हे तसंच असणार. आजाऱ्याच्या घरी मन थाऱ्यावर नसतं, हात सवयीने जागा भरतो.

समजलं, पण भीती गेली नाही. मोजणीच्या कामात मोजता न येणारा माणूस कोण ठेवणार? आणि सातवीवाल्याला पुन्हा कोण घेणार? पाटीवरून मला उचललं होतं, पाटीवर परत पाठवायला किती वेळ? मग मी एक केलं. आधी विचारायला लागलो. "किती जण?" "तिघं." मग मोजून तीन गोल. पाच घरं मी अशी केली. पाचही घरं स्वच्छ.

"सुधारलास की रे," काकू म्हणाल्या. त्यांना जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. त्या पाचही घरांत तिसरा किंवा चौथा गोल पुरा झाल्यावर हात थांबायचा नाही. कुठल्यातरी एका जागी जायचा, तिथे पेन्सिलीचं टोक टेकायचा. मी ओढून घ्यायचो. कागदावर ठिपका राहायचा. बसचालकाच्या घरी तो ठिपका फारच ठसठशीत उमटला, तेव्हा मी तो अंगठ्याने पुसला.

४

त्यानंतर दोन दिवसांनी बाईंनी मला आत बोलावलं. मोठ्या टेबलावर माझी चित्रं मांडली होती. पंख्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर काहीतरी ठेवलेलं. पंचिंग मशीन, कप, चष्म्याचं घर.

"घरातला पहिला माणूस कसा आजारी पडतो ते मला कळतं," बाई म्हणाल्या. "बाजार, बस, शाळा. पण घरात दुसरा कोण पडणार ते कळत नव्हतं. वय लावून पाहिलं, खिडकी लावून पाहिली, आजाऱ्यापासूनचं अंतर लावून पाहिलं. काही म्हणजे काही जमेना. आणि काल काकूंनी घोटाळा केला."

"मी नाही, कॉम्प्युटरने केला," दारातून काकू म्हणाल्या.

"यांनी अंतर आजाऱ्यापासून न मोजता नव्याण्णवपासून मोजलं. अकराच्या अकरा घरांत जुळलं. नव्याण्णवच्या सर्वांत जवळ जो झोपतो, दुसरा ताप त्याला."

मला वाटलं त्या चेष्टा करतायत. "बाई, त्या तर माझ्या चुका आहेत."

"चूक आज इकडे पडते, उद्या तिकडे. अकरा वेळा जुळते तिला मी चूक म्हणणार नाही."

"मग ते कोण आहे?"

"कोण ते मला नकोय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "कुठे, एवढं पुरे. तुझ्या डोळ्यांना काहीतरी दिसत असेल, जे तुला सांगता येत नाही. भिंतीला ओल असेल, हवा कोंडत असेल. हात ते टिपतो. उद्यापासून जिथे नव्याण्णव निघेल, तिथल्या जवळच्या माणसाला आपण शाळेच्या हॉलमध्ये हलवायचं. पलंग बाराच आहेत, म्हणून नव्याण्णव नाही त्या घरांना हात लावायचा नाही. तुझी शेवटची पाच घरं कोरी निघाली, बरं झालं. तेवढे पलंग वाचले."

दोन महिन्यांत पहिल्यांदा मी बाईंना हसताना पाहिलं. तेव्हाच सांगायला हवं होतं.  मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि मग काकूंनी चहा आणला, आणि मग वेळ गेली.

मी पुन्हा आधी काढायला लागलो. चार घरं झाली, चारही घरांत नव्याण्णव निघाले. चार माणसं हलवली. चौघंही ठणठणीत राहिली.

५

पाचव्या दिवशी बसचालक स्वतः ऑफिसात आला. गणवेशावरच. त्याच्या बायकोला आधी ताप आला होता.

"आता पोरगी तापलीय," तो म्हणाला. "नऊ वर्षांची आहे. मान वळवता येत नाही तिला. आमच्या मागच्या गल्लीतल्या म्हातारीला तुम्ही हॉलमध्ये नेलंत, ती तिथे पत्ते खेळत बसलीय. आमच्याकडे का नाही आलात?"

बाईंनी फॉर्म काढून त्याच्यासमोर ठेवला. "तुमच्या घरात तशी गरज दिसली नाही."

तो चित्राकडे बराच वेळ बघत राहिला. "चित्र तर बरोबर आहे. हा मी. ही बायको. ही पोरगी, भिंतीकडेला. तिची जागाच ती, दुसरीकडे झोपत नाही." त्याचं बोट मुलीच्या गोलावर होतं. बोटाच्या बाजूला माझ्या अंगठ्याचा करडा डाग होता.

तो गेल्यावर मी सांगितलं. उभ्याउभ्या, सगळं. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पाचही घरं?"

"पाचही."

त्यांनी काकूंना हाक मारली. दुपारपर्यंत बाकीच्या चार घरांतून ठिपक्यांजवळची माणसं हलवली. एका घरी उशीर झाला होता.

संध्याकाळी बाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि नळीतून कापूस लावलेली काडी काढली. "आ कर."

"मला ताप नाही, बाई."

"काही जणांना येत नाही. ते फक्त नेतात. ह्या घरातून त्या घरात. त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं." त्या हे नेहमीच्या आवाजात बोलल्या, पण माझ्याकडे न बघता. "दुसरा रुग्ण तुझ्या भेटीनंतरच होतो, हे मला आधीच दिसायला हवं होतं."

त्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा गॅलरीतच झोपलो. उकडतंय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीचा निकाल आला. घशात काही नाही, रक्तात काही नाही. "कोरा आहेस," बाई म्हणाल्या. आनंद व्हायला हवा होता. पण घशात काही सापडलं असतं तर त्यावर गोळी असती.

६

त्याच दिवशी सकाळी अकराला आम्ही दोघं बसचालकाच्या घरी गेलो. बायको आणि पोरगी दोघी दवाखान्यात होत्या. त्याने दार उघडलं.

"या. आता मोजायला मी एकटाच आहे."

तो स्टुलावर जाऊन बसला. खोलीत नळ ठिबकत होता. खुंटीला पोरीचं दप्तर होतं, त्याची चेन अर्धी उघडी. उन्हाचा पट्टा भिंतीकडेच्या मोकळ्या गादीवर पडला होता. दिवसाढवळ्याची साधी खोली. घाबरण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, असं मी स्वतःला दोनतीनदा सांगितलं.

"तू काढ," बाई म्हणाल्या. "कागदाकडे बघू नकोस. मी खोलीकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघणार आहे."

मी उंबऱ्यावर उभा राहिलो आणि काढलं. चौकोन, दार, खिडकी, बसचालक. हात थांबला तेव्हा बाईंनी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"खोलीत किती जण दिसतायत?"

"एकच."

 त्या बसचालकाला म्हणाल्या, मी दवाखान्यात बोलते, काळजी करू नका. तो म्हणाला, "काळजी नको तर काय करू, बाई?" 

जिन्यात आल्यावर त्या थांबल्या.

"तू काढताना मान हलवलीस."

"कधी?"

"भिंतीकडे बघून. रोज दिसणारं माणूस समोर आलं की आपण हलवतो ना, काय, बरंय ना? तशी."

"मला नाही आठवत."

"आणि शेवटी तू अंग चोरलंस. पोट आत घेतलंस, खांदा वळवलास. दारातून कुणाला तरी बाहेर जायला वाट दिल्यासारखं."

त्यांनी कागद उलगडला. दोन गोल होते. एक स्टुलावरचा. दुसरा भिंतीपाशी नव्हता. तो उंबऱ्याच्या रेघेवर होता, अर्धा आत, अर्धा बाहेर.

बाईंनी कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली, पर्समध्ये टाकली. "घरी कोण असतं तुझ्या?"

"ताई. आणि तिची मुलगी."

"केवढी?"

"सव्वा महिन्याची."

सहा नावांची यादी त्यांनीच केली होती. "आज घरी जाऊ नकोस," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरायला लागल्या. जिना चांगला रुंद होता. बाई कठड्याला अगदी चिकटून, अंग आखडून उतरत होत्या. मी त्यांच्या मागे होतो. आमच्या शेजारून आणखी एक माणूस सहज उतरलं असतं, एवढी जागा त्यांनी सोडली होती. त्यांना ते कळलं नव्हतं.

७

पाच वाजेपर्यंत मी रस्त्याने हिंडलो. कुठे टेकलो नाही. कुणाच्या शेजारी बसायची हिंमत झाली नाही. मग ताईचा फोन आला.

"मुक्या, कुठे उलथलायस? सकाळपासून हिला खाली ठेवता आलेलं नाही. मला आंघोळ करायचीय, दोन घास खायचेत. ये."

ठरवलं की दाराबाहेरूनच सांगायचं. मावशीकडे जा म्हणायचं, आणि आत पाय टाकायचा नाही.

दार उघडंच होतं. आमच्या बाहेरच्या खोलीत सामान नाही. फरशी, एक चटई, कडेला दुपट्यावर झोपलेली भाची. समोर स्वयंपाकघराचं दार. दाराला दार समोरासमोर, मध्ये सात पावलं.

"दारात काय पाहुण्यासारखा उभा? आत ये की," ताई आतून म्हणाली.

"तू मावशीकडे जा."

"का? काय केलं मी?"

"ताप पसरलाय. बाळाला घेऊन जा."

"तुला आलाय?" भांड्यांचा आवाज थांबला. "खरं सांग."

"नाही आला. पण जा."

ती पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. स्वयंपाकघराच्या दारातून निघाली, डावीकडे वळली, भिंतीच्या कडेकडेने खिडकीपर्यंत गेली, आणि तिथून माझ्याकडे आली. पेला माझ्या हातात दिला.

"सरळ का नाही आलीस?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"मधून. समोरून."

"बाळ आहे ना मध्ये."

"बाळ मध्ये नाही. कडेला आहे."

तिने मागे वळून पाहिलं. मधली फरशी रिकामी होती. "सवय झाली असेल," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"काय माहीत. दोन आठवडे, तीन आठवडे. तू डोक्यावर पडलायस का रे?"

"जा बघू सरळ. त्या दारापर्यंत."

"वेडा कुठला." पण ती हसत निघाली. एक पाऊल, दोन पावलं. तिसऱ्या पावलाला तिचा पाय आपोआप डावीकडे पडला. ती वळसा घालून पलीकडे गेली, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं.

"पुन्हा," मी म्हणालो.

ती पुन्हा आली. या वेळी दात आवळून, खाली पायांकडे बघत. तिसऱ्या पावलाला तिने पाय उचलला आणि तो तसाच धरून ठेवला. टेकवेना. तिचा घोटा थरथरत होता. मग तो बाजूला पडला.

"मुक्या," ती अगदी हळू म्हणाली, "हे काय आहे?"

तीन आठवडे. म्हणजे आज माझ्या मागून आलेलं नव्हतं. मी गॅलरीत कपडे बदलत होतो, कोपरापर्यंत हात धूत होतो, तेव्हाही ते इथेच होतं. तिने वळसा घातलेल्या जागेपासून दुपटं वीतभर लांब होतं. घरात सर्वांत जवळ बाळच होतं.

मी आत गेलो. दुपट्याच्या आणि त्या जागेच्या मध्ये जाऊन बसलो. "उचल तिला," मी म्हणालो. "स्वयंपाकघरात जा. दार लावून घे. सकाळी साडेसहाची गाडी आहे."

 ताईने बाळाला उचललं, आणि खिडकीच्या कडेने वळसा घालून आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला.

रात्रीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून बसलो. कागद-पेन्सिल जवळ घेतली नाही. एकदा चटई वाजली. चटई जुनी आहे, वाजते. पण मी तिच्यावर बसलेलो नव्हतो.

८

सकाळी थांब्यावर मी ताईपासून दहा पावलं मागे चाललो. भाचीला काही हात लावला नाही. ताई गाडीत खिडकीपाशी बसली. डोळे सुजलेले होते. काच सरकवून म्हणाली, "तूही चल ना रे."

"नको."

"एकटा काय करशील?"

 मी खिशातून फॉर्म काढला, गाडीकडे बघत काढायला लागलो. चालक, वाहक, पुढच्या सीटवर दोघं म्हातारे, कडेला कॉलेजची तीन मुलं, मागे एक बाई, ताई, बाळ. कागदाकडे बघण्याआधी माणसं बोटांवर मोजली. दहा. मग खाली बघून गोल मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहा. वाहकाने घंटी मारली. ताई काचेतून हाताने विचारत होती, काय करतोयस? गाडी वळणाआड जाईपर्यंत मी मोजतच होतो. दर वेळी दहाच.

मग कागद उलटला आणि थांब्याचा बाक काढला. एका टोकाला पेपर वाचणारा माणूस बसला होता. दुसऱ्या टोकाला मी जाऊन बसलो, आणि नियम मोडून स्वतःचाही गोल काढला. खाली पाहिलं. गोल तीन होते. तिसरा माझ्या डाव्या बाजूला होता. मध्ये केसाइतकीही फट नव्हती.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. मी तोंड हातात धरून रडलो. पेपरवाल्याने पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि उठून दूर जाऊन उभा राहिला. चांगलं केलं त्याने.

बाईंना फोन केला. "बाई, कुठे आहे ते कळलं."

"कुठे?"

"माझ्यापाशी."

"किती अंतरावर?"

"अंतर नाही."

 मग त्या म्हणाल्या, "घरी जा. कुणाच्या जवळून जाऊ नकोस. मी येते. दाराबाहेर बसेन."

मी रिकाम्या गल्ल्यांनी घरी आलो. दार आतून लावून घेतलं, खिडकी लावली. बाहेरच्या खोलीत चटई अंथरली, दोघं बसतील एवढी, आणि एका बाजूला बसलो. ते माझ्यापाशी किती वेळ राहील ते मला माहीत नव्हतं. पण इतकी घरं फिरून एक गोष्ट मला कळली होती. फॉर्म पुरा होईपर्यंत घरातलं माणूस सहसा उठून जात नाही. साठ प्रश्न आहेत. आणि माझ्या पिशवीत कोऱ्या फॉर्मचा आख्खा गठ्ठा होता.

मी नवा फॉर्म काढला. आमचा पत्ता लिहिला. चौकोन, दार, खिडकी, दोन गोल. पहिल्या गोलापुढे माझं नाव लिहिलं. मग डावीकडे वळलो. इतक्या घरांत मी सगळ्यांना विचारलं होतं, ह्यालाच कधी विचारलं नव्हतं. 

"तुमचं नाव काय?" मी विचारलं, आणि कागदाकडे न बघता पेन्सिल टेकवली.